हरकती, सूचना आणि साळवीसाहेब

केमिकल कंपनीत पर्यावरण विभाग सांभाळायचा म्हणजे किस्से ठेवायला जागा पुरत नाही. एक सांगून होईतो दुसरा ओठांवर आलेला असतो. मित्र हसतात. मला मात्र सांगून झाल्यावरही स्वस्थ बसवत नाही.

*

सांडपाण्याच्या नव्या नियमांचा मसुदा आला, सरकारने उद्योगांकडून सूचना मागवल्या. आमचे प्लांट हेड साळवीसाहेब म्हणाले, "लिही, मनापासून स्वागत. फक्त मुदतवाढ द्या."

"सर, मसुदा अजून वाचायचाय."

"मुदत मागायला वाचावं कशाला लागतं!"

*

चिपळुणात उद्योजकांची बैठक, विषय हवामान बदल. पुराचं पाणी सगळ्यांच्याच घरात शिरलेलं, त्यामुळे भाषणं जोरदार. "कडक कायदे हवेत!" टाळ्या! शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग कारखान्यांच्या धुरावरच्या नव्या नियमाला पाठिंबा धरू?"

साळवीसाहेब उठले. "तोंडी की लेखी?"

*

मुंबईला मंत्रालयात सकाळी आमचं शिष्टमंडळ त्याच नियमाचं अभिनंदन करून आलं. दुपारी दुसरं शिष्टमंडळ गेलं, तो पुढे ढकला म्हणायला. दोन्हीत मी!

दारातला शिपाई निरखून म्हणाला, "सकाळी आलेले तुमचे भाऊ का?"

मी "हो" म्हटलं.

*

उन्हाने साहेबांच्या हापूसचा मोहोर जळला. मला फोन. "सरकार झोपलंय का? काही नियम करा म्हणावं!"

"सर, तो धुराचा नियम आपणच पुढे ढकलला ना?"

"ते कंपनीचं. हे घरचं!"

*

कंपनीच्या विस्ताराची जनसुनावणी गुहागर तालुक्यात, खाडीकाठी, नेमकी माझ्या आजोळी. "तुझं ऐकतील," म्हणून साहेबांनी मलाच माईकवर उभं केलं. मी सांगितलं, "आमच्या सांडपाण्याने खाडीतल्या मासळीला काहीही धोका नाही."

मामा उठला. जन्म होडीवर गेलेला, आवाज खणखणीत.

"भाच्या, रविवारी माझ्याकडं जेवलास. मामीनं कालवण वाढलंन. घास घेण्याआधी तिला काय विचारलंस?"

साहेब मागून ढोसतायत, "बोल ना!"

"मीच सांगतो. 'मामी, मासळी खाडीतली की बाहेरच्या समुद्रातली?' का रे विचारलंस?"

मी माईक साहेबांपुढे धरला. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून मामीच ओरडली,

"आणि मी बाहेरची म्हटलं रे बाबा! होती खाडीतलीच!"