रूथचं हाऊस

माथेरानला ऑगस्टात सहसा कोणी जात नाही. आम्ही गेलो, कारण माझा शेजारी कायतान याला मनसोक्त ओरडून बघायचं होतं.

गिरगावात आमच्या वाडीत सप्टेंबरमधल्या चर्चच्या सणाला हाऊजी होते; पुकारलेले आकडे आपल्या तिकिटावर खोडायचे आणि सगळे खोडून झाले की "हाऊस!" ओरडायचं. पिशवीतून आकडे काढून पुकारायचं काम कायतान तरुणपणापासून करतो. प्रत्येक आकड्याला त्याने स्वतः जोडलेली गमतीची शेपटी असते. कचेरीत तो साधा कारकून होता, पण त्या संध्याकाळी सगळी वाडी त्याच्या तोंडाकडे बघते. यंदा त्याचा भाचा एल्रॉय म्हणाला, "अंकल, तुमचा आवाज मागे पोचत नाही. आकडे मोबाइलच पुकारेल." कायतानची बायको रूथ भाच्याच्या बाजूची. याचा घसा बसला की काढे तिलाच करावे लागतात.

हॉटेलात पाहुणे आम्ही तिघंच. व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं कळेना. रूथने नेमकी तिथेच अट घातली.

"मी त्या टोकाला बसते. मला ऐकू आलं तर सणाला तू. नाही आलं तर एल्रॉय."

"या पावसात? हे चीटिंग आहे गो!"

"वाडीतली पोरं याच्यापेक्षा जास्त कलकलाट करतात."

गिऱ्हाईक नसल्यामुळे बसून असलेले दोन घोडेवालेही तिकिटं घेऊन बसले. टोकाला जाताना रूथ माझ्या कानाशी म्हणाली, "हेमचंद्रभाऊ, मला काही ऐकू येणार नाहीये. समजलं ना?"

मी मान हलवली. मान हलवण्यापलीकडे मला फारसं काही जमत नाही.

"अठ्ठावन्न! ऑफिसने घरी पाठवलं!" कायतानने सुरुवात केली. "सात! रूथचा अबोला, सात दिवस!"

घोडेवाले हसून लोळले. रूथ धुक्याकडे बघत बसली होती, चर्चमध्ये बसल्यासारखी. शालीखाली पेन्सिल मात्र हलत होती. माझी वरची ओळ केव्हाच भरली होती, पण चारचौघांत ओरडायचं कसं?

हळूहळू कायतानचा आवाज चिरकायला लागला. तो सारखा रूथकडे बघे आणि त्याचा चेहरा आणखी उतरे. त्याने पुढचा आकडा काढला.

"एकेचाळीस! लग्नाला इतकी वर्षं झाली, बाई अजून माझं ऐकत नाही!"

"हाऊस!"

रूथ तिकीट उंच धरून उभी होती. आपण काय केलं ते तिला घोडेवाल्यांच्या टाळ्यांनंतर कळलं.

कायतान सावकाश गेला, चष्मा पुसला, तिकीट वरून खाली वाचलं. "काय गो, हे कोणी भरलं?"

"गप रे. प्राइझ सांग आधी." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही तरी माझं तोंड दाबायचं होतं!"

एल्रॉयला कळवायचं काम तिच्यावरच आलं. हॉटेलात रेंज नव्हती, म्हणून ती छत्री घेऊन लाल चिखलातून बाजाराकडे निघाली. कायतान तिच्या मागोमाग, पिशवीत उरलेले आकडे पुकारत.