पिकअप घेताना येणारा आवाज

या ग्रुपवर मी नुसता वाचायला येतो आणि बरेचदा वाचून हसतो, हे आधीच कबूल करतो. मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी बघायची आणि मालक किती खरं, किती खोटं सांगतोय ते ठरवायचं, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे कुणाला काही दिसलं, भासलं असं वाचलं की माझा पहिला प्रश्न — पुरावा काय? आज माझ्याकडेही पुरावा नाही. तरी जसं झालं तसं लिहितो.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी सायली, ती बारावीला आहे. बायको, विद्या, यंदा फेब्रुवारीत गेली. ताप काय आला, अॅडमिट काय केलं आणि संपलंच. मला रडू आलं नाही... तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. हॉस्पिटलचे कागद, डबे, दूध, सगळं वेळेवर केलं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसा मी अख्खा झालो होतो. लोक म्हणायचे, किती धीराचा माणूस. मी मान हलवायचो.

सायलीचा क्लास घाटकोपरला, पंतनगरात. रोज सकाळी मी तिला गाडीने सोडतो. विद्याची बँकही तिथेच होती, त्यामुळे आधी ती पुढे डावीकडे बसायची आणि सायली मागे. विद्या गेल्यावरही सायली मागेच बसत राहिली, कानात इअरफोन घालून. विद्याची कंबर दुखायची म्हणून ठेवलेली छोटी उशी पुढच्या सीटवर तशीच होती. ती उचलावी असं दोघांनाही सुचलं नाही. घरी आम्ही आपापल्या खोलीत असायचो, त्यामुळे बापलेक एकत्र असायचो ते फक्त त्या प्रवासात.

मे संपत आला होता. ऐरोली जंक्शनच्या पुलावर चढताना पिकअप घ्यायला अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीच्या पोटातून मोठा घरघराट सुरू झाला. मिक्सरमध्ये चमचा राहिला की होतो तसा. पाय काढला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. असं आठवडाभर चाललं. शेवटी सायलीने इअरफोन काढले.

"बाबा, मला भीती वाटते या गाडीत. मी बसने जात जाईन ना."

"अगं, दुरुस्त करतो मी. थांब जरा," मी म्हणालो. तिची ती गाडीतली सोबतही गेली तर माझ्याकडे काय उरणार, हे मला बरोबर कळत होतं.

कांजूर गावठाणातला अँथनी माझ्या ओळखीचा मेकॅनिक. त्याची एक पद्धत आहे. तो आधी बॉनेट उघडत नाही. बाजूला बसतो आणि म्हणतो, "चालवा." हायवेवर नेऊन मी गाडी पळवली, तर... काही नाही. गाडी एकदम गुपचूप. त्याला गॅरेजला सोडून कामावर निघालो आणि विक्रोळीच्या पुलावर आवाज हजर. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने माझ्या शब्दावर सायलेन्सर वेल्डिंग केला, इंजिन ज्यावर बसतं ती रबरी माउंटिंग बदलली. पुन्हा शेजारी बसून ट्रायल घेतली, गाडी गप्प. घरी जाताना पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा मी चिडलोच. "अँथनी, माझी फिरकी घेतोयस काय?"

त्याने चावी घेतली आणि एकटाच हायवेवर गेला. परत आला तो डोकं खाजवत. "आवाज हाय, दादा. तुमी खोटं नाय बोलत."

मग आम्ही दोघांनी डोकं लावलं. मी गाडी चालवली आणि तो मागे बसला, तर आवाज यायचा. तो पुढे बसला की बंद. वजनाचा फरक असेल म्हणून त्याने पुढच्या सीटवर जुने टायर रचून पट्टा बांधला. आवाज आला. टायर काढून तो स्वतः बसला आणि सगळं शांत. माणूसच लागत होता. अँथनीने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"या सीटवर कोण बसायचं, दादा?"

मी सांगितलं. तो खाली उतरला आणि कापडाने हात पुसत राहिला. "याला माझ्याकडे पाना नाय," एवढंच म्हणाला.

सायलीला सांगावं की नाही, कळेना. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तिने मागचं दार उघडलं तेव्हा जे झालं ते सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आई?"

"मी असं काही म्हणत नाहीये. तू फक्त पुढे बसून बघ."

तिने मागचं दार लावलं, पुढे येऊन उशी मांडीवर घेतली आणि बसली. ऐरोलीच्या पुलावर मी पाय दाबला. काही नाही. ती म्हणाली, "आला नाही," आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. पंतनगर येईपर्यंत आईबद्दल बोलत होती... आई डब्यात कशी मुद्दाम कारल्याची भाजी द्यायची, आणि सायली ती शाळेच्या बसमध्ये कशी टाकून द्यायची. मी ऐकत होतो. तेव्हाही मला रडू आलं नाही.

तिला सोडून एकटाच परत निघालो. सीट रिकामी होती. विक्रोळीच्या पुलावर सवयीने कान टवकारले, पाय दाबला. आवाज नाही. आणखी दाबला, तरी नाही. कांजूरला खाली उतरून यू-टर्न मारला, परत तोच पूल चढलो. इंजिन मऊ, सुरळीत. मग मी गाडी कडेला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. फेब्रुवारीपासूनचं सगळं तेव्हा बाहेर पडलं.

सायली आता रोज पुढे बसते. अँथनी म्हणतो, माउंटिंग बसायला वेळ लागला असेल. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही, हे मला त्याच्या तोंडावरून कळतं.

गाडीतला आवाज कसा घालवायचा, ते सगळे विचारतात. मला उलट विचारायचं आहे... एकदा गेलेला आवाज परत कसा आणायचा, कुणाला माहीत आहे का?