भिंतीवर माझे अक्षर

"उठा. आणि हे अक्षर कुणाचं आहे ते सांगा."

मुख्याधिकारी असे म्हणाले तेव्हा मी नगरपालिकेच्या सभागृहात फरशीवर बसलो होतो. खुर्च्या रिकाम्या होत्या. मंडईच्या जागी इमारत बांधू पाहणाऱ्या विकासकाच्या माणसांसाठी त्या राखलेल्या होत्या आणि ती माणसे अद्याप यायची होती. जुन्या मंडईतले गाळेवाले खाली. त्यांचा अर्ज घेऊन आलेला अर्जनवीस मी, तोही खाली.

मी उठलो. समोरच्या पडद्यावर एक कागद उजळला. हातभर उंचीची अक्षरे. माझी. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात माझ्यासारखी वेलांटी काढणारा दुसरा कोणी नाही, हे मी आजवर स्वमुखाने सांगत आलो आहे. त्या दिवशी ती वेलांटी साऱ्यांनी पाहिली.

"मंडई पाडू नका, असा अर्ज आज तुम्हीच आणलात," मुख्याधिकारी म्हणाले. "आणि ही चाळीस संमतीपत्रंही तुम्हीच लिहिलीत. शिक्षण किती हो तुमचं?"

"आठवी."

"पास?"

मी नकारार्थी मान हलवली. पुण्याहून आलेल्या सल्लागार बाई हसल्या. दाराशी उभा असलेला शिपाई हसला. त्याच्या नोकरीचा अर्ज मीच लिहिला होता.

ते हसणे मी गिळले असते. असली हसणी गिळतच मी पन्नाशी गाठली आहे. पण माझ्यापुढे बसलेल्या बनामावशी उठल्या. जतकडच्या धनगर घरातल्या. मंडईत त्यांचा घोंगड्यांचा गाळा. नवरा गेल्यापासून एकट्या चालवतात. अक्षरओळख नाही. त्या पडद्यापाशी गेल्या आणि कागदाच्या तळाशी त्यांनी बोट ठेवले.

"ह्यो माझा अंगठा हाय. मधनं कातरीचा वण गेलाय बघा. वर काय लिवलंय रं, रायटर?"

साऱ्यांसमोर मला वाचावे लागले. 'मी माझ्या गाळ्यावरील हक्क स्वेच्छेने सोडीत आहे.' आणि अंगठ्याच्या वर, शेवटची ओळ: 'उपरोक्त मजकूर वाचून दाखविला, समजला, कबूल आहे.'

"वाचून दावलं? कवा?"

मागून बियाणेवाले माजी सुभेदार ओरडले, "लय शाना निघाला गड्या आमचा रायटर! आमी सीमेवर हुतो, शत्रू मंडईत हुता!"

ज्या वृद्ध अर्जनविसांकडे मी ही विद्या शिकलो, त्यांचा एकच नियम होता. निरक्षराला मजकूर वाचून दाखवायचा, तो मान हलवेपर्यंत थांबायचे, मग शाई. आणि हे घडल्यावरच ती शेवटची ओळ लिहायची. ती ओळ म्हणजे आमची शपथ. तीस वर्षे मी ती पाळली. चाळीस वेळा मोडली.

का मोडली, तेही लिहितो. दिवाळीपूर्वी मुख्याधिकाऱ्यांनी मला आपल्या दालनात बोलावले. 'अर्जनवीस साहेब' म्हणाले. विकासकाच्या माणसांशेजारी बसायला खुर्ची दिली. कपबशीतून चहा आला. सरकारचे धोरण त्यांनी मला समजावून सांगितले, जणू मंत्रालयात माझ्या मताची वाट पाहत होते. पालिकेने स्वतः बांधायचे नाही. जागा विकासकाला द्यायची. तळमजल्यावर मोठी दुकाने येतील, जुन्यांना जागा 'उपलब्धतेनुसार'. नव्या इमारतीत मला काचेचे केबिन. मी मान डोलावली. मंडईचे फुटलेले पत्रे आधी बदलायचे बंद कोणी केले, गटार तुंबू कोणी दिले आणि मग त्याच मंडईवर 'धोकादायक' अशी पाटी कोणी लावली, हे मी विचारले नाही. मला साहेब म्हटले होते.

गाळेवाल्यांना मी सांगितले, पाहणीचा कागद आहे. त्यांनी अंगठे दिले. माझ्यावर विश्वास ठेवून. बनामावशींनी वर मला दुवा दिला.

पुढे गाळे रिकामे करण्याच्या नोटिसा आल्या, तेव्हा तीच माणसे माझ्याकडेच धावत आली. पाडकाम थांबवण्याचा अर्ज लिही म्हणाली. मी लिहिला. चारही पाने सविनय. वाटले, दोन दगडांवर पाय ठेवून उभा राहीन.

सभागृहात मुख्याधिकाऱ्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"आता याच सुंदर अक्षरात लिहा. आजचा अर्ज गैरसमजातून दिला, मागे घेत आहोत. यांचे अंगठे घ्या. तुम्हाला सवय आहे."

सल्लागार बाई पुन्हा हसल्या. मी अंगठे गोळा करणारा प्राणी होतो त्यांच्या लेखी. आणि खरे सांगायचे तर चाळीस कागदांवर मी तोच होतो.

मी पेन उचलले नाही.

"साहेब, ती शेवटची ओळ खोटी आहे," मी म्हणालो. "मी कुणालाही वाचून दाखवलं नाही. तुमच्या दालनात तुम्हीच सांगितलंत, वाचत बसू नका."

हसणे थांबले.

"काय बोलताय ते कळतंय का? म्हणजे ही फसवणूक तुम्ही केलीत. लिहून द्याल?"

"देतो."

त्याच कोऱ्या कागदावर मी ते लिहिले, दालनातली खुर्ची, चहा आणि 'साहेब' यांसकट. चाळीस नावे मला पाठ होती. सही केली. मग मोठ्याने वाचून दाखवले, अक्षरशः प्रत्येक शब्द, फरशीवरच्या माणसांकडे तोंड करून. मुख्याधिकारी मध्येच उठून गेले. मी थांबलो नाही.

बाहेर बनामावशी भेटल्या. वाटले, काही बोलतील. बोलल्या.

"सायेब म्हनला म्हून इकलंस व्हय आमास्नी? कुत्र्याला बी लोक भाकर टाकून बोलवत्यात."

माझा दस्तलेखकाचा परवाना गेला. माझ्यावर गुन्हा दाखल आहे, फिर्याद पालिकेचीच. मंडईची निम्मी रांग त्यांनी यंत्र लावून पाडली. उरलेली उभी आहे, कारण संमतीपत्रांचा वाद आता न्यायालयात आहे. बनामावशी रोज गाळा उघडतात. मी समोरून गेलो तर मान फिरवतात. बरोबर करतात.

माझा वकील म्हणतो, 'आठवत नाही' म्हणा, सुटाल. सुभेदारांनीही निरोप धाडला, "मागं सरू नगं, न्हाईतर मंडईत पाय ठिवू देनार न्हाई."

मागे सरणार नाही. पिंजऱ्यात उभा राहीन. कोणत्या दिवशी, कोणत्या दालनात, कोणी काय सांगितले, त्या वेळी खुर्च्यांवर कोण कोण बसले होते, सारे एकेक करून सांगेन. मी गुन्हेगार आहे. शिक्षा व्हायची ती होवो. पण मी एकटा जाणार नाही.