नारळाचे चार समान भाग

आमच्या तालुक्यात स्थानिक अभ्यासक्रम करायची समिती नेमली गेली, तेव्हा तिच्यात माझीही वर्णी लागली. कोळ्यांची, वाडीवाल्यांची, मजुरांची अशी सगळी मुलं एका वर्गात. त्यांना आपलं वाटेल असं गणित करायचं, असा हुकूम होता. आम्ही पाच जणांनी तीन बैठका घेतल्या, भरपूर वडे खाल्ले आणि पुस्तकातलं सफरचंद खोडून तिथे नारळ घातला. झाला अभ्यासक्रम स्थानिक!

‘नारळाचे चार समान भाग करा’ हा प्रश्न माझा. मी नागावची, नारळाच्या वाडीत वाढलेली. नारळ फोडला की दोन वाट्या होतात, हे मला शेंबड्या वयापासून ठाऊक. तरी कागदावर मी त्याचे चार केले आणि शिक्षणखात्याच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली.

माझ्या चौथीतल्या एका कोळ्याच्या मुलीने त्या प्रश्नाखाली काहीच लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, “असा कोन फोडतो, बाई?” मला हसू आलं. पण उत्तरसूचीत ‘पाव’ होतं आणि तिचा कागद कोरा. मी तिच्या प्रगतिपत्रकात ‘अपूर्णांक’ या शब्दापुढे ‘अजून साध्य नाही’ अशी खूण केली. गेल्या वर्षीही तीच खूण होती.

तिची आई मुरुडच्या बाजारात मासे विकते. पत्रक बघून ती शाळेत आली आणि म्हणाली, “बाई, साळंत हिला कायच येत न्हाय, तर बसवून काय करू? चौथी झाली का माझ्याबरबर टोपली घेऊन बसल.” ती बोलेल तसं करणारी बाई आहे. एवढी चुणचुणीत पोर, आणि मला तिच्यासाठी बोलायला कागदावर काही नव्हतं.

मग साहेब मूल्यमापनाला आले. चार भिंतींत शिक्षण कोंडू नये असं त्यांचं मत, म्हणून शाळेमागच्या पुळणीवर दुपारी दीड वाजता उपक्रम ठरला. पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापून आणल्या होत्या. अर्धी, पाव, पाऊण, सगळ्या प्लास्टिकमध्ये चिकटवलेल्या, वाळूवर रांगेनं मांडल्या. मुलांना गोल बसवलं.

ती मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, हितं नको. सव्वादोनला भरती पुरी. पानी पार कुंपनापर्यंत येल.”

साहेबांनी ऐकलं. “बाळ, मी मोबाईलवर बघितलंय. पाऊस नाही.”

आता खरं सांगते. मी तिथे बोलायला हवं होतं. पोरगी समुद्राबद्दल चुकणार नाही, याची मला खात्री होती. पण साहेबांनी आदल्याच दिवशी माझं पाठाचं टाचण सगळ्यांसमोर वाचून नाक मुरडलं होतं. मी मुलांना हळूच चार हात मागे सरकवलं आणि गप्प बसले.

दोनच्या सुमाराला पहिली लाट आली आणि पाव भाकरी घेऊन गेली. पाठोपाठ अर्धी गेली. साहेब पाऊण भाकरीमागे धावले, तर त्यांची एक चप्पलही गेली. मुलं टाळ्या पिटत होती. मी पदर तोंडात कोंबला होता.

गुडघ्यापर्यंत भिजलेले साहेब वर आले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वादोन. भला माणूस, चिडला नाही. मुलीजवळ उकिडवा बसला. “तुला कसं कळलं गं?”

“आज तीज हाय ना. तिथीची पाऊनपट करायची. तीन पाऊन सव्वादोन.”

“आणि उद्या?”

“चवथ. तीनला.”

“परवा?”

“पावनेचार.” बोटंसुद्धा मोडली नाहीत.

साहेबांनी पत्रकांची फाईल उघडून तिचं पान काढलं. “अपूर्णांक, अजून साध्य नाही. हे कुणी भरलं?”

माझं हसू तिथेच विरलं. “मी, सर.”

त्यांनी पेन पुढे केलं. खूण बदलायची तर शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘तिला येत होतं. मी नारळ विचारत बसले.’ आणि खाली सही केली.

संध्याकाळी ते पान घेऊन मी स्वतः बाजारात गेले. तिच्या आईला सगळं सांगितलं, अगदी चपलेसकट. मला वाटलं, तिला नवल वाटेल.

तिने हातातला बांगडा खाली ठेवला. “तिला येतं ते मना म्हाईत हाय, बाई. मीच शिकवलाय. तुमाला दिसत न्हवता, म्हनून साळंतून काढनार व्हते.”