आपोआप बदलणारा बायोडाटा

जगात जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कांची टंचाई आहे, असं मानणारा माझा आतेभाऊ हा पृथ्वीतलावरचा बहुधा एकमेव माणूस असावा. आमच्या मेडशी गावात वीज तिच्या मर्जीनं येते, नळ त्याच्या मर्जीनं, आणि याला टंचाई दिसली ती फ्रेमवर्कची! पुण्यातली चांगली नोकरी सोडून महाशय गावी आले आणि तुरीच्या पोत्यांना पाठ टेकून वेबपानं बांधायचं स्वतःचं फ्रेमवर्क लिहायला बसले. तत्त्व एकच, आणि ते त्यानं दूधवाल्यालासुद्धा ऐकवलं होतं: "डेटा बदलला का स्क्रीन आपोआप बदलली पायजे. कोनाले सांगाले लागू नये." काम पुरं होत आलं की त्याला त्यात खोट दिसे, मग सगळं पुसून नवा श्रीगणेशा. असे श्रीगणेशे पुष्कळ झाले, आरतीपर्यंत गाडी एकदाही गेली नाही. एसटी निघून गेली तरी स्टँडच्या फळ्यावर तिची वेळ तशीच, म्हणून हा कंट्रोलरशी भांडत बसला. त्या नादात पुढची एसटीही गेली. स्वतः मात्र ऋतू बदलले तरी शर्ट बदलत नसे.

आत्याला एकच घोर, सुनेचा. "माह्या डोयादेखत याच्यावर अक्षता पडू दे रे बाप्पा," हे तिचं रोजचं. आईचा घोर यानं मनावर घेतला, म्हणजे लग्नाचा बायोडाटा आपल्या फ्रेमवर्कमध्ये बांधला! कागद शिळा होतो म्हणे. आत्यानं घरून मोबाइलवर काही बदललं, की पाहणाऱ्याच्या पडद्यावर तिथल्या तिथे बदलणार. धन्य ती माउली आणि धन्य तो लेक.

शिरपूरला मुलगी बघायला आम्ही दोघंच गेलो. गुडघ्यांमुळे आत्या घरी राहिली, पण तिला चैन कुठलं? मुलीचे वडील मोबाइल डोळ्यांशी धरून वाचत होते, तोच पाच एकर शेतीची सात एकर झाली आणि तीत एक विहीर उगवली. मग 'स्वभाव शांत'चं 'लई शांत, जेवनाची कटकट नाई' झालं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाप्पा! माहा चहा सरला नाई, अन् तुमची जमीन दोन एकर वाढून राह्यली!"

दुसरा कोणी लाजेनं मेला असता. आमच्या चिरंजीवांचा चेहरा उजळला. "पाह्यलं? पान रिफ्रेश बी नाई केलं!" मुलगी ओढणीआड हसली, पण नकार आम्ही फाट्यावर पोचायच्या आत आला. एसटीत हा म्हणतो, "स्थळ गेलं त जाऊ दे, दादा. पन स्क्रीन एकदा बी अटकली नाई!" मी कपाळाला हात लावला.

मागच्या उन्हाळ्यात आत्या गेली, सून न बघताच. परवा एक स्थळ चालून आलं, त्यांना पाठवायला मी त्याच बायोडाट्याची लिंक उघडली. शेती पुन्हा पाच एकर झाली होती, विहीर नाहीशी. खाली मात्र आत्यानं लिहिलेली ओळ तशीच: 'आई, तब्येत ठनठनीत, सुनेची वाट पाहून राह्यली.' मला भडभडून आलं. मी त्याला फोन लावला. "अरे, ती आईची ओळ..."

"ते ओळ मी डेटातून काढली, दादा. कोडातच पक्की लिवून टाकली. आता कोनी काई बी बदलवो, ते नाई बदलत."

एरवी त्याच्या तत्त्वावरून मी त्याला सोलून काढला असता. बरं म्हणालो, फोन ठेवला आणि लिंक मुलीकडच्यांना तशीच पाठवून दिली.