कडू गाडीवानाची इंग्रजी जोडी

३ नोव्हेंबर १९१३ रोजी कडू गाडीवानाने देडतलाईच्या बाजारात एकशे सत्तेचाळीस रुपये आठ आण्यांना एक निमाडी बैलजोडी घेतली. तांबड्या अंगावर पांढरे ठिपके, शिंगे मागे वळलेली. डाव्याचे नाव चांद्या, उजव्याचे बाशिंग्या. ही हकिकत मी माझे चुलते वामनकाका यांच्याकडून ऐकली, आणि पुढे खुद्द कडूकडूनही. दोघांचे तपशील जुळतात, म्हणून लिहितो.

कडू बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात राहायचा आणि स्टेशनवरून माणसे नेणारी दमणी हाकायचा. त्या वर्षी जंगलखात्याचा नवा साहेब आला होता. हिवाळाभर तो असीरगडापासून देडतलाईपर्यंत फिरणार होता आणि त्याला एक गाडी कायमची हवी होती. अट एकच. साहेबाला स्वतः हाकायची हौस होती. जी जोडी त्याचे ऐकेल तिलाच काम. सुपडू गाडीवानाची जोडी आधी आजमावून झाली होती. साहेब ओरडत राहिला आणि बैल गाडीसकट ज्वारीत शिरले.

कडूची बायको भागाबाई हिने जोडी दारात उभी राहताच सांगून टाकले, "हे काम मिळालं तर ठीक. नाही तर जोडी परत बाजारात न्यायची. आणखी दोन बैल बसून चारायची ऐपत नाही आपली."

कडूचा तर जोडीवर पहिल्याच दिवशी जीव जडला होता. साहेब इंग्रजीत बोलणार, तेव्हा बैलांना इंग्रजी आली पाहिजे, एवढा हिशोब करून तो थेट वामनकाकांकडे आला. काका शाळेत इंग्रजी शिकवायचे. ठरले ते असे की दर शब्दजोडीला एक आणा.

"शब्दजोडी कशाले? एक एक शब्द द्या ना, मास्तर."

"तुझी दमणी एका बैलावर चालते का?" काका म्हणाले. "इंग्रजीतली कितीतरी क्रियापदं अशीच जोडीनं चालतात. ‘कम’ म्हणजे ये. शेजारी ‘ऑन’ जुंपलं की ‘कम ऑन’, चल पुढे. ‘टर्न’ म्हणजे वळ, ‘टर्न अराउंड’ म्हणजे पुरता माघारी फिर. ‘पुल’ म्हणजे ओढ, आणि ‘पुल अप’ म्हणजे गाडी थांबव."

"मस्करी करू राहिले का? ओढ म्हणून सांगायचं अन् थांबवायचं?"

"जोडीदार बदलला की बैलाची चाल बदलते की नाही?"

हे मात्र कडूला लगेच पटले. मग काकांनी त्याला ‘स्लो डाउन’ म्हणजे हळू हे दिले, आणि ‘टेक द कार्ट बॅक’, गाडी मागे घे. "गाडीचं नाव न घेता नुसतं ‘इट’ म्हणायचं असेल तर ते दोघांच्या मधेच बसतं. ‘टेक इट बॅक’."

"दांडी मधीच राहते, बरोबर," कडू म्हणाला.

शेवटी काकांनी ‘गिव्ह अप’ सांगितले, म्हणजे नाद सोडून दे.

"हे बैलाले काय कामाचं? याचा आणा मी देणार नाही."

"शिकवलं ते शिकवलं," काका म्हणाले.

पुढचे तीन आठवडे तापीच्या वाळवंटात रोज सकाळी इंग्रजी दुमदुमली. धुणे धुणाऱ्या बायका धुणे सोडून बघत राहायच्या. "घरच्या पोराले बाराखडी येत नाही, अन् बैल साहेब होऊ राहिले," भागाबाई म्हणायची. पण संध्याकाळी सरकी मात्र मूठभर जास्तच घालायची. बैल शिकले. नुसत्या शब्दावर निघायचे, फिरायचे, थांबायचे.

परीक्षेच्या दिवशी डाक बंगल्यासमोर निम्मा लोधीपुरा जमला. वामनकाकाही आले. साहेब दमणीवर चढला, कासरा धरला आणि म्हणाला, "कम ऑन."

चांद्या रवंथ करत राहिला. बाशिंग्याने शेपटीने माशी हाकलली.

साहेब पुन्हा म्हणाला, मोठ्याने. काही नाही.

"कडूभाऊ, तुझे विद्यार्थी नापास!" सुपडू कडुनिंबाखालून ओरडला, आणि सगळे हसले. साहेब उतरण्याच्या बेताने उठला.

कडूने धावत जाऊन चाकावर पाय दिला. "साहब, ऐसा नहीं. मेरे माफिक बोलो." आणि त्याने रोजच्यासारखी लांब हाळी दिली, "कऽऽम ऑन रे बाप्पाऽ!"

चारही कान ताठ झाले आणि दमणी हिसक्यासरशी पुढे गेली. साहेब मटकन बसला. कडूने जोडी थांबवली आणि पुन्हा सांगितले, "अब आप." बैल इंग्रजी शिकले होते, पण कडूच्या सुरातली. साहेबाने कोरडे म्हणून पाहिले, बैल ढिम्म. थोडे ओढून म्हटले. बाशिंग्याने मान हलवली. मग त्याने टोपी मागे सारली, गळा मोकळा सोडला आणि दिली हाळी, "कऽऽम ऑन रे बाप्पाऽ!"

जोडी उधळल्यासारखी सुटली. लोक बाजूला झाले, धूळ उठली, पोरे मागे पळाली. विहिरीजवळून "टर्न अराउंड रेऽ" ऐकू आले आणि दमणी फिरून येताना दिसली, साहेब लालबुंद, उभा राहून हाकतोय. "पुऽल अप रे बाप्पाऽ!" फाटकासमोर बैल असे थबकले की टोपी साहेबाच्या नाकावर आली.

टोपी वर करून तो एवढेच म्हणाला, "कल सुबह सात बजे."

सुपडूने येऊन चांद्याच्या पाठीवर थाप मारली. भागाबाईने दोन्ही बैलांना कुंकू लावले.

त्या हिवाळ्यात साहेब आपल्या गोऱ्या पाहुण्यांनाही जेवायला बोलावताना बाप्पा म्हणायचा, असे कडू सांगे. जोडी कडूच्या दारात अकरा वर्षे राहिली. आता कडूही नाही आणि वामनकाकाही नाहीत. पाच शब्दजोड्यांचे पाच आणे कडूने काकांना वेळेवर दिले होते. ‘गिव्ह अप’चा एक आणा बाकी आहे.