ठोके उतरेनात तेव्हा

हृदयाचा स्कॅन पुन्हा करायचा ठरला आणि मोरयावरचा माझा भरवसा डळमळला. पहिल्या स्कॅनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर दिसला होता. तेव्हापासून गोळ्या चालू होत्या, दर चतुर्थीला कळंबहून मोरगावला जाणंही मी चुकवत नव्हते. आता डॉक्टर म्हणाले, "थर कुठं आहे ते पहिल्या फोटोत कळलं. दुसरा त्याच्याशेजारी ठेवला की तो वाढतोय की थांबलाय ते दिसेल. पुढचा धोका त्यावरून ओळखू." मला एवढंच ऐकू आलं की, तो आत गुपचूप वाढतही असेल. बागेत पेरूंना पिशव्या बांधताना हात मध्येच थांबायचा. छातीत जरा कळ आली की वाटायचं, हेच ते.

बारामतीच्या दवाखान्यात तर भीतीने कहर केला. या तपासणीला ठोके संथ लागतात, नाहीतर फोटो हलतो. गोळी देऊनही माझे उतरेचनात. तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, जरा बाहेर बसा. न्हायच उतरले तर परत यावं लागंल." माझे यजमान बाजूला फाईल धरून बसले होते. मी मनातल्या मनात मोरयाला हाका मारत होते आणि दर हाकेला छाती आणखीच धडधडत होती.

समोरच्या बाकावरून एक अनोळखी बाई उठून जवळ आल्या. भिगवणला मासे विकायच्या. "ताई, तुमचं ओठ हालत्यात, देवाचं नाव घेताय न्हवं?" त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं घ्या की. आमच्या मालकांना आत नेलंय. मला काय बी आठवंना. लय भ्या वाटतंय."

त्यांचा हात थंडगार पडला होता. तो मी दोन्ही हातांत धरला आणि "मोरया, मोरया" म्हणू लागले, त्यांना माझ्यामागून म्हणता यावं असं सावकाश. त्यांच्या मालकांसाठी मागता मागता माझं मागायचं राहूनच गेलं. किती वेळ गेला कोण जाणे. दवाखान्यातल्या त्या मुलीने येऊन माझ्या बोटाला यंत्र लावलं. "आता उतरलेत की, मावशी! चला."

यंत्राखाली झोपले तेव्हा भीती होतीच. नसेतून औषध गेलं तशी अंगभर ऊब पसरली. सांगितला तसा श्वास रोखून धरला. बाहेर आले तेव्हा भिगवणच्या त्या ताई बाकावर नव्हत्या. मालकांना तातडीने पुण्याला हलवलं, एवढंच ह्यांना समजलं होतं.

थर वाढला होता. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून दाखवला. "वेळेत कळलं, औषध बदलू," म्हणाले. ती भीती आजही पुरती गेलेली नाही. मागितलं होतं ते मोरयाने दिलं नाही. पण त्या बाकावर त्याने माझा हात रिकामा ठेवला नाही, असं मला वाटतं. आता गोळ्या वेळेवर घेते आणि बाकीचं त्याच्यावर सोपवते. संध्याकाळी दिवा लावताना आधी त्या मालकांसाठी हात जोडते. नाव ठाऊक नाही, म्हणून "भिगवणच्या ताईंचे मालक" एवढंच म्हणते. मोरयाला पत्ता कळत असेल.